न गळणारी पिशवी

"सात दिवसांत किती गळलं?"

सत्याप्पाने विचारलं आणि दस्तगीरची छाती वीतभर फुगली.

"एक थेंब न्हाई, आज्जा. पिशवीखालचं भांडं बघा की."

म्हातारा वाकला. डोळ्यांनी त्याला आता धड दिसत नसे, म्हणून त्याने भांड्यात हात घातला. कोरडं ठणठणीत. तळाशी कोळ्याने जाळं विणलं होतं, ते बोटांना चिकटून वर आलं.



दस्तगीर मिरजेचा. चार पिढ्या पाण्याच्या कातडी पखाली शिवणारं घराणं, आणि याचा हात तर असा, की मिरजेतल्या आया रडक्या पोरांना म्हणत, दस्तगीरच्या पखालीवाणी तोंड मिटून बस. मग गावात नळ आले. पखाल विकत घेणं सोडाच, बघायलाही कुणी येईना. घरात बायको, दोन मुली आणि हातात एवढी कला. पण पाणी वाहायचंच नसेल तर पखालवाल्याला कोण विचारतो?

म्हणून तो हिरण्यकेशी नदीच्या काठी, कातडी कमावणाऱ्या सत्याप्पाकडे काम शिकायला आला होता. सत्याप्पाने कमावलेलं हरणाचं कातडं जुन्या धोतरासारखं मऊ पडायचं. पोथ्यांची वेष्टणं, बटवे, दुखऱ्या पायांच्या चपला, सगळ्यांना तेच हवं असे. शिकारीच्या कातड्याला मात्र तो हात लावत नसे. दरीत कोसळून मेलेलं नाहीतर पुरात वाहून आलेलं एखादं हरण मिळे, वर्षाकाठी एखादंच.

"यंदाचं ह्ये एकच कातडं," त्याने पहिल्या दिवशीच बजावलं होतं. "आरपार रंगलं तर ऱ्हा. न्हाई तर मिरजेची वाट धर."

काम ऐकून दस्तगीरला हसू आलं होतं. कातड्याची पिशवी शिवायची, तीन बांबूंच्या तिकटीला टांगायची, आत बाभळीची साल, हिरडा आणि पाणी भरायचं. पिशवी शिवायची, आणि ती दस्तगीरने! त्याने दोन सुयांनी शिवली, शिवणीत मेण भरलं, वरून चरबी चोपडली. जन्मातली सर्वात चांगली शिवण होती ती. म्हातारा तेव्हा शेजारीच साल कुटत बसला होता. मेणाचा वास त्याला आला असणारच.

आता सत्याप्पाने कमरेची, कातडं कापायची रापी काढून दस्तगीरच्या हातात दिली.

"शिवणीबाहेरची चिंधी काप. काय दिसतं?"

दस्तगीरने कापली. आतल्या बाजूला दोऱ्याएवढी तपकिरी रेघ होती. बाकी सगळं पांढरं.

म्हाताऱ्याने चिंधी घेतली, दाढेखाली धरून चावली आणि थुंकली.

"पखाल झाली. कातडं न्हाई झालं. पाणी आरपार पाझरंल तवाच रंग आरपार जाईल."

"पण आज्जा, शिवण तर..."

"उसव."

दाराशी दस्तगीरचं बोचकं होतं. त्याने बोचक्याकडे पाहिलं. मिरजेला परत जाऊन काय सांगायचं, तेही त्याच्या मनात येऊन गेलं. मग तो खाली बसला आणि पहिला टाका तोडला. रडू आलं असतं तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

रिठ्याच्या पाण्याने चरबी निघायला दोन दिवस गेले. मग घायपाताच्या जाड दोऱ्याने बोट बोट अंतरावर टाके घातले. असले टाके घातल्याबद्दल बापाने त्याला लहानपणी बडवलं होतं.

पिशवी भरली. टाक्याटाक्यांतून पाणी पाझरू लागलं. पुढे तर कातड्यालाच घाम फुटला.

"ह्ये समदं गळतंय, आज्जा."

"परत वर वत."

"किती वेळा?"

म्हातारा साल कुटत राहिला...

पहिल्या दिवशी दस्तगीरने खेपा मोजल्या. तिसऱ्या दिवशी मोजायचं सोडलं. खालचं भांडं भरलं की वर ओतायचं, जुनी साल काढून नवी घालायची, पुन्हा खाली बसायचं. त्याचे हात कोपरापर्यंत काळपट तपकिरी झाले. जेवताना भाकरीही तुरट लागे.

बाराव्या दिवशी मिरजेचा एक गाडीवान बाजाराला जाताना थांबला. त्याने दस्तगीरला ओळखलं, पिशवीकडे पाहिलं आणि गाडीतल्या चौघांना हाक मारली.

"अरं, बघा रं! दस्तगीरभाईची पखाल गळती!"

चौघे पोट धरून हसले. दस्तगीरच्या कानशिलांतून जाळ निघाला. ही पखाल नव्हे, हे सांगायला त्याने तोंड उघडलं...

आणि मिटलं. भांडं भरलं होतं. त्याने ते उचललं.

"गळती," तो म्हणाला. "बारा दिस झालं." आणि वर ओतलं.

गाडी निघून गेली. साल कुटायचा आवाज तेवढा थांबला होता.

"काप," सत्याप्पा म्हणाला.

दस्तगीरने पिशवीच्या तळाची चिंधी कापली. म्हाताऱ्याने ती चावली. बराच वेळ चावत राहिला.

"तुरट हाय. आरपार."

झालं! दस्तगीरच्या छातीवरचा धोंडा उतरला. मुलींचे चेहरे त्याच्या डोळ्यांसमोर आले.

रापी अजून त्याच्याच हातात होती. का कुणास ठाऊक, त्याचा हात वर गेला, हरणाच्या मानेकडे, जिथे पिशवीचं तोंड तिकटीला बांधलं होतं आणि पाणी जेमतेम पोचत होतं. तिथली एक चिंधी त्याने कापली.

मधोमध केसाएवढी पांढरी रेघ होती.

म्हाताऱ्याला ती दिसणार नव्हती. त्याची जीभ निकाल देऊन मोकळी झाली होती. चिंधी मुठीत दाबली की संपलं...

दस्तगीर उभा राहिला. पिशवी टपटपत होती.

"आज्जा," तो शेवटी म्हणाला, "मानेकडं कच्चं हाय."

सत्याप्पाने आवाजाकडे तोंड वळवलं.

"आरपार न्हाई रंगलं. तुम्ही सांगितलं व्हतं, तसंच." त्याने रापी धुतली, पुसली आणि म्हाताऱ्याच्या मांडीशी ठेवली. मग दाराशी गेला आणि बोचकं खांद्याला लावलं.

म्हातारा गुडघ्यावर हात देऊन उठला. चाचपडत तिकटीपाशी गेला आणि पिशवीच्या तोंडाची गाठ सोडू लागला.

"बोचकं ठेव खाली," तो म्हणाला. "पिशवी उलटी टांगायची तर दोन माणसं लागत्यात."