दीड हात फळी

एका जंक्शनच्या गावात एक सांधेवाला राहायचा. सांधेवाला म्हणजे रुळांचा खटका ओढून गाडीला एका वाटेवरून दुसऱ्या वाटेला लावणारा माणूस. बत्तीस वर्षं त्यानं तेच काम केलं. कुणाला डोंगराकडे धाडलं, कुणाला समुद्राकडे. स्वतःच्या बायकोला मात्र त्यानं एकदाही गाडीत बसवलं नाही. रेल्वेचा फुकट पास दरवर्षी यायचा आणि ट्रंकेत पिवळा पडायचा.

गोष्ट गोड नाही, आधीच सांगून ठेवते. गोड पाहिजे त्यानं गूळ खावा.

नोकरी संपली तशी सांधेवाल्याला करमेना. गाडीची शिट्टी झाली की जेवता जेवता उठायचा आणि परत बसायचा. एक दिवस त्यानं खडू घेतला आणि पुढच्या खोलीत जमिनीवर रेघा मारायला लागला.

बायको म्हणाली, "हे काय चाललंय?"

"रेल्वे. घरात रेल्वे करणार मी. आपलंच जंक्शन, हुबेहूब, पण एवढं एवढंसं."

"करा की," बायको म्हणाली. तिला बरंच वाटलं. माणूस कामाला लागला म्हणजे चिडचिड कमी.

सहा महिने त्यानं नुसते कागद काढले. मग कमरेएवढ्या उंचीवर घरभर भिंतीला धरून चारी बाजूंनी फळ्या ठोकल्या. पितळेच्या पट्ट्यांचे रूळ केले, काड्यापेटीतल्या काड्यांचे स्लीपर. खडी म्हणून नदीची वाळू चाळून पसरली. जुन्या वर्तमानपत्रांना खळ लावून डोंगर उभा केला. तो कुठं, तर मागच्या दाराला टेकून. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी हिरवी रंगवून त्याची झाडं केली. तुपाच्या डब्याचा पत्रा कापून इंजिन केलं आणि विजेवर चालवलं. बघायला गाव लोटलं. खोटं कशाला बोलू, काम देखणं होतं.

मागचं दार डोंगरानं बंद झालं. पुढच्या दारासमोरून रूळ गेले. आता घरात यायचं किंवा बाहेर जायचं तर फळीखालून वाकून, जवळजवळ रांगत. सांधेवाला काटक होता, सटकन जायचा. बायकोचे गुडघे कामातून गेलेले.

ती म्हणाली, "अहो, दारापुढची दीड हात फळी तेवढी उचलता येईल अशी करा ना. बिजागरी लावा. मी गेले की परत खाली टाका."

"करणार आहे. कागदावर काढलंय मी. पण तिथं रुळाला फट राहील, गाडीला हिसका बसेल. नीट विचार करून करावं लागतं ते."

"मला रोज बसतो त्याचं काय?"

तो हसला. त्याला वाटलं, बायको गमतीनं म्हणतेय.

दोन वर्षं गेली. बायको आधी बाजाराला जायची थांबली, मग देवळात, मग शेजारी. हळदीकुंकवाला बोलावणं आलं की आतूनच म्हणायची, "माझं लावलं असं समजा."

सांधेवाल्याला अगदीच कळत नव्हतं असं नाही. त्यानं लाकडाची एक बोटभर बाई कोरली, तिला हिरवं लुगडं रंगवलं, काखेत गाठोडं दिलं आणि फलाटावर सरसानं पक्की चिकटवली. म्हणाला, "बघ, तू रोज स्टेशनात."

बायकोनं बघितलं. गाडी आली, त्या बाईसमोरून गेली, डोंगरात शिरली, परत आली, परत गेली.

"थांबत नाही ती माझ्यासाठी?"

"थांबवायची सोय शेवटी करणार आहे."

मग एक दिवस कार्ड आलं. बायकोची एकच बहीण होती, धाकटी, चंद्री. अकरा वर्षं दोघींची गाठ नव्हती. कार्डात लिहिलं होतं: 'अक्का, मी मुलाकडे कायमची चालले. दोन दिवसांचा प्रवास आहे, परत येणं होणार नाही. डोळेही गेल्यातच जमा आहेत. पुढच्या शुक्रवारी साडेअकराची गाडी तुमच्या स्टेशनात पाणी घ्यायला दहा मिनिटं थांबते. फलाटावर ये. दिसेल तेवढी बघून घेते तुला.'

बायकोनं कार्ड पदराला बांधलं. म्हणाली, "अहो, आजवर काही मागितलं नाही. शुक्रवारच्या आत ती फळी कापा."

"आठ दिवस आहेत. आरामात होईल."

आणि सांधेवाला कामाला लागला बरं का. शनिवारी मापं घेतली. रविवारी कागद काढला. सोमवारी तो फाडून दुसरा काढला, कारण बिजागरी वरून दिसत होती. बुधवारपर्यंत असा नकाशा तयार झाला की इंजिनियरनं तोंडात बोट घालावं. गुरुवारी बिजागरी घासून गुळगुळीत केली. फळीला करवत अजून लागली नव्हती.

शुक्रवारी दहा वाजता शेजारची कासारीण टांगा घेऊन दारात हजर. बांगड्या विकत गावोगाव फिरणारी बाई, कुणाच्या बापाला भ्यायची नाही. फळीखालून डोकं घालून ओरडली, "वहिनी, झाली का तयारी? आणि सांधेवाले, बायकोला आज बोगद्यातून बाहेर काढताय ना?"

बायको केव्हाची तयार होती. हिरवं लुगडं नेसली होती. हातात बेसनाच्या लाडवांचा डबा. ती खाली बसली, हात टेकले आणि फळीखाली शिरली. अर्ध्यात गुडघा अडकला. पुढं होईना, मागं होईना. तिनं वर धरायला हात घातला.

"वायरी!" सांधेवाला ओरडला. "वायरींना धरू नकोस!"

कासारणीनं तिला मागं ढकलून सोडवलं. बायको भिंतीला टेकून उभी राहिली, घामानं भिजलेली.

"मग वरून जाते," ती म्हणाली. "द्या हात."

"वरून कशी जाशील? स्टेशन मोडेल."

"मग कापा!" कासारीण म्हणाली. "ही काय करवत, तुमच्याच खुंटीला लटकलीय. दीड हात लाकूड, दोन मिनिटांचं काम."

सांधेवाल्यानं करवतीकडे बघितलं आणि पेचकस उचलला. "कापायला कशाला पाहिजे? पेच काढतो, रुळांच्या जोडांचा डाख सोडवतो, आख्खा तुकडा अलगद निघेल. कशाला काही होणार नाही."

"अहो, वेळ—" कासारीण म्हणाली.

"वेळ मला सांगू नका. ती गाडी रोज पाऊण तास उशिरा येते. बत्तीस वर्षं मी तिला खटका दिलाय. साडेअकराची गाडी सव्वाबाराच्या आत आलेली मी बघितली नाही."

आणि खरंच होतं ते. सगळ्या गावाला माहीत होतं. त्या गाडीवर घड्याळ लावणारा येडा ठरायचा.

त्यानं एकेक पेच काढला, काढलेला पेच वाटीत ठेवला. रुळाचा डाख तापवून सोडवला, वाळू कुंच्यानं बाजूला केली. बायको डबा घेऊन उभी. टांग्याचा घोडा पाय आपटत होता.

साडेअकराला शिट्टी झाली.

ती शिट्टी सांधेवाल्याइतकी कुणाला कळणार? बत्तीस वर्षांत पहिल्यांदा ती गाडी वेळेवर आली होती.

"दहा मिनिटं थांबते," बायको म्हणाली. "टांग्यानं चार मिनिटं. आता तरी करवत घ्या."

त्यानं घेतली. फळीवर ठेवली. करवतीच्या दातांखाली त्याचा फलाट होता, घोसाळ्याचं झाड होतं, चार महिने खपून केलेला सिग्नल होता. हात दाबला जाईना.

"दोनच पेच राहिलेत गं," तो म्हणाला. "दोनच."

कासारणीनं एक शिवी हासडली ती मी लिहीत नाही. बायकोच्या हातातला डबा ओढून घेतला आणि टांगा पळवला.

शेवटचा पेच निघाला तेव्हा दुसरी शिट्टी झाली. लांब शिट्टी. गाडी सुटल्याची. तुकडा अलगद निघाला, एक ओरखडा नाही. दारापुढं दीड हात मोकळी वाट झाली. बायको त्या वाटेकडे बघत उभी राहिली.

कासारीण परत आली ती खाली मान घालून. "खिडकीत होती. प्रत्येक बाईचा हात चाचपून विचारत होती, अक्का का, अक्का का. डबा दिला तर म्हणाली, अक्का आजारी आहे का? मी काय सांगू तिला? की घरातली रेल्वे ओलांडता आली नाही म्हणून?"

बायको आत गेली आणि हिरवं लुगडं घडी घालून ट्रंकेत ठेवलं, पिवळ्या पासांवर.

सहा महिन्यांनी चंद्रीच्या मुलाकडून दुसरं कार्ड आलं. कोपरा फाडलेलं. फाडलेलं कार्ड मरणाचं असतं हे वाचता न येणाऱ्यालाही कळतं.

तोवर सांधेवाल्यानं त्या दीड हात तुकड्याचा उचलता पूल पुरा केला होता. बिजागरी कुठून दिसत नव्हती, एका बोटानं उचलायचा, गाडीला नावाला हिसका नाही. त्यानं तो उचलून धरला आणि म्हणाला, "ये. चल, देवळात जाऊन ये. तुला कुठं म्हणशील तिथं नेतो. पास आहेत."

बायको चुलीपाशी बसली होती. म्हणाली, "आता कुठं? राहू द्या. खाली टाका तो. गाडी अडलीय तुमची."

रोज सकाळी तो पूल उचलून उभा राहायचा. हात भरून यायचे. ती बाहेर आली नाही.

शेवटी एक दिवस त्याला वाटलं, निदान लाकडाची बाई तरी गाडीत बसवावी. त्यानं गाडी फलाटाशी थांबवली, चिमटीत बाई धरली आणि ओढली. सरस पक्का होता. बाई घोट्यात मोडली. अंग हातात आलं, पाय फलाटावरच राहिले.

ते पाय अजून आहेत तिथं. गाडी समोरून जाते.

आता ह्याचं तात्पर्य मला विचाराल तर एवढंच: आपल्या माणसाची वाट अडवून जे उभं केलं, ते कितीही देखणं असलं तरी तोडायचं, आणि वेळेत तोडायचं. उशीर जगाला होईल, आपल्याला नाही, ह्या भरवशावर बसू नये. मागाहून दिलेल्या वाटेवरून कुणी चालत नाही.