गिळलेले वाक्य

एका राज्यात सुगी उत्तम होती, विहिरी भरलेल्या होत्या, तट उंच होता आणि माणसे मात्र एकेक करून विसरली जात होती. सकाळी कुणी उठून अंगणात यावे आणि त्याच्याच बायकोने विचारावे, ‘आपण कोण?’ आईने लेकाकडे बघून दार लावून घ्यावे. शापच होता तो. एकदा माणूस विसरला गेला की त्याचे नाव साऱ्या नगरातून पुसले जाई. आणि ज्याच्या ओळखीला नगरातले कुणी उभे राहत नाही तो परका, असा तिथला कायदा होता. परक्याला सूर्य मावळायच्या आत वेशीबाहेर घालवत. त्याला पाणी द्यायचे नाही, दाणा द्यायचा नाही. नगराला या कायद्याचा भारी अभिमान. आपल्यात परके कुणी नाही, असे लोक एकमेकांना सांगत, आणि घरोघरी पाट रिकामे पडत. पाट रिकामा का, हे कुणाला आठवत नसे.

राजा दृढसेनाला एकच लेक, पद्मरेखा. राणी देवाघरी गेल्यापासून राजाचे पागोटे तीच बांधी. दुसऱ्या कुणाच्या हातचे त्याला रुचत नसे. नवान्नाचा सण जवळ आला होता. एके सकाळी ती नवे पागोटे घेऊन बापाच्या महालात गेली, तर राजाने मान वर केली आणि म्हणाला, “बाई, तू इथवर कशी आलीस?”

तिला वाटले, थट्टा. ती हसली. राजा हसला नाही.

तिने दासींना हाका मारल्या, सेनापतीला विनवले, म्हाताऱ्या दाईचे पाय धरले. कुणीही तिला ओळखले नाही. राजा म्हणाला, “हिला दुखापत करू नका. पण कायदा तो कायदा.” आणि उन्हे कलायच्या आत राजकन्येला वेशीबाहेर उभी करून शिपायांनी दार लावून घेतले.

बाहेर पाऊल पडले मात्र, तिला आजवरचे सगळे विसरलेले आठवले. शापाची रीतच तशी होती. तिला आठवली तरला, तिची वेणी घालणारी मुलगी. एका सकाळी तरला फणी घेऊन आली होती आणि पद्मरेखाच म्हणाली होती, “ही कोण? बाहेर काढा.” तरलाने तेव्हा काय आकांत केला होता! राजकन्येने खिडकी लावून घेतली होती, आवाजाचा त्रास होतो म्हणून. आता ती तटाला पाठ लावून बसली आणि लाजेने रडली.

तेवढ्यात एक करकोचा तिच्यापुढे उतरला आणि माणसाच्या वाणीने बोलला.

“राजकन्ये, रडून झाले असेल तर ऊठ.”

“तू मला ओळखतोस?”

“मी दरसाल परमुलखातून येतो. मला सगळे आठवते. आणि मला कुणी परका म्हणून हाकलत नाही, कारण तुमच्या तटाला छप्पर नाही.”

“हा शाप कुणाचा?”

“धूम्राक्ष मांत्रिकाचा. चल, वाट दाखवतो.”

धूम्राक्ष समोरच्या काळ्या डोंगरावर राहत असे. त्याच्या गुहेतून धूर निघे, पण आत विस्तव नसे. तो इतका म्हातारा होता की त्याच्या दाढीत सुगरणींनी खोपे केले होते. त्याने राजकन्येला बसायला शिळा दिली.

“शाप मी दिला,” तो म्हणाला. “तुझ्या पणजाच्या दरबारात मी होतो. नवान्नाच्या दिवशी राजाने वेशीबाहेरच्या खळ्यावर उभे राहून पहिल्या धान्याची पाटी वर धरायची आणि चार वाक्ये म्हणायची, अशी तुमची रीत. एका वर्षी परराज्यांचे राजे पाहुणे आले. तुझ्या पणजाला पहिल्या वाक्याची लाज वाटली. त्याने ते गिळले आणि दुसऱ्यापासून सुरुवात केली. पुढे ते वाक्य ज्यांच्या तोंडी होते त्या सगळ्यांना त्याने बाहेर घालवले. माझी आई परमुलखातली, म्हणून मलाही. मी जाताना म्हणालो, तुम्ही स्वतःला विसरलात, आता एकमेकांना विसराल.”

“ते वाक्य कोणते?”

“ते मी सांगून उपयोग नाही. नगरात आता ते फक्त राजाला ठाऊक. राज्याभिषेकाच्या वेळी कानात सांगतात, आणि कधी उच्चारू नकोस असेही सांगतात. तुझा बाप ते रोज गिळतो.”

“शाप मागे घ्या, महाराज.”

“दिलेला शाप माझ्या हाती उरला नाही, मुली. गिळलेले वाक्य राजाच्या तोंडून बाहेर आले तरच तो फिटेल. त्यासाठी तुला तीन कामे करावी लागतील. नाव न सांगता पाणी मिळव. तू स्वतः न पेरलेले धान्य मिळव, पण चोरून नव्हे. ते धान्य घेऊन नवान्नाच्या दिवशी खळ्यावर राजापुढे उभी राहा. तू कोण, हे मात्र सांगायचे नाही.”

“आणि सांगितले तर?”

“तर तो तुला ओळखेल. तुला एकटीला. बाकीच्यांसाठी ती वेस कायमची मिटेल.”

राजकन्येने मान खाली घातली आणि डोंगर उतरली.

डोंगरापलीकडे माळावर झोपड्यांची वस्ती होती. तिथे नगरातून विसरले गेलेले लोक राहत, आणि त्यांच्यात मिसळून दूरदूरचे खरेखुरे परदेशीही. कुणी दुष्काळातून आलेला, कुणी लढाईतून. पद्मरेखाचा घसा कोरडा पडला होता. पहिल्याच दारात एक बाई घागर घेऊन उभी होती. ती तरला होती.

दोघींनी एकमेकींकडे पाहिले. तरलाने ओळखले, हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसले. पद्मरेखाला वाटले, आता ही दार लावील, आणि लावले तर बरोबरच करील.

“पाणी मिळेल का?” ती कशीबशी म्हणाली.

तरलाने लोटा भरून तिच्या हातात दिला.

“तू मला नावसुद्धा विचारले नाहीस,” पाणी पिऊन झाल्यावर राजकन्या म्हणाली.

“इथे आलेल्याला आधी पाणी द्यायचे, अशी रीत आहे,” तरला म्हणाली. “नाव ज्याचे त्याने सांगावे, नाही तर राहू द्यावे. मी आले तेव्हा मलाही कुणी विचारले नव्हते.” मग थोडे थांबून ती म्हणाली, “राग होता हो मनात. पुष्कळ होता. पण तहानलेल्या माणसावर तो काढायचा कसा?”

पद्मरेखाने तिचे पाय धरले. तरलाने तिला उठवले आणि आपल्या झोपडीत अर्धी चटई दिली. पहिले काम असे झाले.

दुसरे काम तिला सोपे वाटले आणि तिथेच ती अडली. वस्तीच्या कडेला एका परमुलखी म्हाताऱ्याचे जोंधळ्याचे शेत होते. कापणी झाली होती, पण बांधालगतची कड तशीच उभी होती. राजकन्येला वाटले, काम राहिले असेल. ती त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, “बाबा, ही कड कापायची राहिली आहे. मी कापून देते, मला त्यातले थोडे द्या.”

म्हाताऱ्याला तिची भाषा येत नव्हती. तो काहीतरी बोलला, ते तिला कळले नाही. तिने विळ्याची खूण केली. त्याने मान हलवली आणि उभी कणसे दाखवून तिच्याकडे बोट केले. तरी ती नुसती बघतच राहिली. तेव्हा करकोचा बांधावर उतरला.

“तो म्हणतो, राहिलेली नाही, राखलेली आहे. जो कुणी येईल त्याच्यासाठी. मोबदला म्हणून नव्हे.”

“आपले उभे पीक? कशासाठी?”

करकोच्याने विचारले. म्हातारा हसला, त्याने स्वतःच्या छातीवर हात ठेवला आणि दोनच शब्द बोलला.

“म्हणतो, मीही आलो होतो.”

राजकन्येने वाकून कणसे खुडली. जन्मात ती कुणापुढे वाकली नव्हती, धान्यापुढे तर नाहीच. पाठ भरून आली, बोटांना कुसळे टोचली, आणि ओंजळभर दाणे निघाले तेव्हा तिला इतका आनंद झाला की ती एकटीच हसली.

नवान्नाचा दिवस उजाडला. खळे सारवले होते, झेंडूच्या माळा लावल्या होत्या. वेस उघडली आणि ढोल वाजत राजाची स्वारी बाहेर आली. शिपायांनी खळ्याभोवती कडे केले. कड्याबाहेर माळावरचे लोक दूर उभे राहिले. दरसाल असेच उभे राहून ते आपल्या माणसांना लांबून बघून घेत.

पद्मरेखा कड्यातून आत शिरली. शिपायाने भाला आडवा धरला.

“मागे हो!”

“मला महाराजांना एक विचारायचे आहे.”

राजाने पाटी वर उचलली होती. “आम्ही या मातीचे धनी,” त्याने सुरुवात केली होती. तो थांबला. त्याचे पागोटे कुणीतरी वेडेवाकडे बांधले होते आणि ते एका कानावर घसरले होते. हात पुढे करून ते नीट करावे, एवढेच राजकन्येला वाटले.

“विचार,” राजा म्हणाला.

“महाराज, त्याच्या आधी काय म्हणायचे असते?”

राजाचा चेहरा उतरला. राजाने पाटी खाली ठेवली आणि तो तिच्याजवळ आला.

“कोण तू? नाव सांग. कुणाची लेक आहेस ते सांग. ओळख असली तर तुला आत घेतो.”

शब्द तिच्या ओठांवर आला होता. बाबा, एवढे म्हणायचे, की तिचा महाल, तिचा बाप, सगळे तिचे. तिने वळून पाहिले. कड्यापलीकडे तरला उभी होती.

“मला ओळख नाही, महाराज,” पद्मरेखा म्हणाली. “मी परकी आहे.”

“मग तुझ्या ओंजळीत हे धान्य कुठले?”

“एका परक्याच्या शेतातले. येणाऱ्यासाठी त्याने कड राखली होती.”

राजा त्या दाण्यांकडे बघत राहिला. सेनापती पुढे सरला, तर राजाने त्याला हातानेच थांबवले. राजाचा गळा दोनदा हलला. रोज गिळलेले ते वाक्य वर येत होते आणि त्याला ते फार जड जात होते.

मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलला.

“माझा मूळपुरुष भटका होता, परक्यांच्या मुलखात विटा थापून, पाठीवर चाबूक खाऊन तो पळाला, उपाशी इथे आला, आणि इथल्या लोकांनी त्याला न ओळखता घास दिला, म्हणून ही माती देवाची आहे आणि मी तिच्यावर पाहुणा आहे.”

राजाला दरदरून घाम फुटला होता. त्याने पाटीतले पहिले मूठभर धान्य घेतले, राजकन्येच्या ओंजळीत घातले आणि म्हणाला, “बाई, तू कोण ते मला ठाऊक नाही. पण तू आत ये. माझ्या घरी जेव.”

त्या क्षणी शाप फिटला.

तटावरून पहिली हाक आली, कुणा आईची. मग दुसरी, मग कुणाच्या हाका कुणाला ते कळेना. माणसे धावली, शिपायांनीच भाले टाकले, कारण त्यांचेही भाऊ पलीकडे होते. तरलाचा म्हातारा बाप अनवाणी पळत आला आणि तिच्या गळ्यात पडला. राजा पुतळ्यासारखा उभा होता. मग त्याने लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि लहान पोरासारखा रडला.

गर्दी थोडी निवळल्यावर सेनापतीने येऊन मुजरा केला. “महाराज, आपली माणसे ओळखू आली. पण काही जणांना कुणीच ओळखत नाही. एक म्हातारा तर भाषाही भलतीच बोलतो. त्यांना मागे धाडू?”

“त्यांची पाने माझ्या पंक्तीला मांडा,” राजा म्हणाला.

सेनापती गेला. राजा लेकीकडे वळला.

“पोरी, मी तुला नाव विचारले होते. एक शब्द बोलली असतीस, तर तेव्हाच ओळखले असते. का नाही बोललीस?”

“बाबा,” पद्मरेखा म्हणाली, “मग मी एकटीच आत आले असते.”

बापलेकींनी त्या म्हाताऱ्याला मध्ये घेतले आणि ते तिघे वेशीतून आत गेले. त्यांच्यामागून सारा माळ आत आला, आणि त्या दिवशी त्या राज्यात कोण कुणाच्या घरी जेवले, हे कुणी विचारले नाही.