मखमली डगला आणि ठिगळाचं घोंगडं

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा डोंगरावर माणसं कमी होती आणि धुकं जास्त.

अशाच एका डोंगरावरच्या गावात खालच्या मुलखातली एक मुलगी सून म्हणून आली. पुढं तिला लेक झाली, लेक चालू-बोलू लागली, तरी गावची एक रीत तिच्या गळी उतरेना. तिथं लहानथोर सगळे काळं घोंगडं पांघरत आणि प्रत्येकाच्या पाठीवर आईच्या जुन्या लुगड्याचं ठिगळ असे. नव्याकोऱ्या घोंगड्यालासुद्धा!

"आमच्याकडं ठिगळं भिकारी लावतात, आत्याबाई," ती सासूला म्हणाली.

"लावत असतील. पण तुमच्याकडं असलं धुकं नसतं," सासू म्हणाली. "बाजारातलं कापड धुक्याला लगेच उमगतं गं, तसंच्या तसं दुसरं उभं करतं ते. अंगावर झिजलेलं उमगत नाही. आणि धुक्यातून ज्याचा हात धरून आणाल, तेच घरी येतं. मागं राहिलं ते धुक्याचं."

सून मनात हसली.

माहेराहून लेकीसाठी लाल मखमली डगला आला. सोनेरी गुंड्यांचा, पण पातळ. जत्रेला निघताना तिनं तो लेकीला घातला.

"आई, वरून घोंगडं घेऊ? गार लागतंय."

"काही नको. डगला झाकून जाईल. कुणी विचारलं तर थंडी वाजत नाही म्हणायचं."

जत्रेत शेजारीण म्हणाली, "गुंड्या काय चमकतात, बाई! धुक्याला आवडतील हो."

परतताना भर दुपारी धुकं उतरलं. पाऊल दिसेना. हातातला हात सुटला.

"बाळे!" तिनं हाक मारली.

"ओ, आई!" उजवीकडून आवाज आला. मग डावीकडून. मग मागून.

धुक्यातून तीन लाल डगले पुढं आले. तेच नाक, तीच कपाळावरची बट, त्याच सोनेरी गुंड्या. तिघी एकदम म्हणाल्या, "घरी चल ना."

तिनं तिघींच्या पाठी पाहिल्या. सगळ्या सारख्या. एक ठिगळ असतं तर! आपली लेक कोणती? काय विचारावं ते सुचेना. शेवटी रोज तोंडात असतं तेच बाहेर पडलं, "थंडी वाजते का गं?"

"नाही," पहिली म्हणाली.

"नाही," दुसरी म्हणाली.

"ना... नाही," तिसरी म्हणाली आणि तिचे दात कडकडा वाजले.

आईनं तिसरीला उचललं, पदरात गुंडाळलं आणि घराकडं धूम ठोकली. "आई, आई," करत दोघी उंबऱ्यापर्यंत मागं आल्या.

दार लावून तिनं जुनं लुगडं फाडलं. सासूनं सुईदोरा पुढं केला.

लेक वाचली. पण अजूनही धुकं उतरलं, की दोन लाल डगले त्या दाराशी उभे राहतात. त्यांना थंडी वाजत नाही.

म्हणून सांगते, परक्या गावच्या पेहरावाला नाक मुरडण्याआधी तो तिथं कशापायी घालतात ते विचारावं.