मागं चालणारा सटवाजी

घाटात गाडीरस्ता व्हायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. फार वर्षांपूर्वी वाघरघाटाच्या पायथ्याला, पाणेरी गावात, सटवाजी नावाचा हरकारा राहत होता. हरकारा म्हणजे पळत जाऊन निरोप पोचवणारा माणूस. घाटावर किल्ला, घाटाखाली बंदर, आणि किल्लेदाराचे खलिते या टोकाचे त्या टोकाला न्यायचे ते सटवाजीनं. हातात घुंगरं बांधलेली काठी, कमरेला खलिता. घुंगरं वाजली की लोक वाट सोडून उभे राहायचे.

तो पळायचा कसा म्हणाल, तर पहाटे किल्ल्यावरून निघाला की न्याहारीला बंदरावर. त्याची सावली मागाहून दुपारी पोचायची, असं म्हणतात. रानातली हरणं त्याला बघून झुडपात शिरायची, उगाच शर्यत लागायला नको म्हणून. लग्न करायलासुद्धा त्याला सवड झाली नव्हती. मुली बघायला गेला, की पोहे येईपर्यंत हा पुढच्या गावात.

सटवाजीला एकच सुख ठाऊक होतं. आपल्या पुढं कोणी नाही, हे सुख. वाटेत माणसं दिसायची ती पाठमोरी, आणि पुढच्या क्षणी तीही मागं पडायची. कोणाचं तोंड काही त्यानं नीट बघितलं नव्हतं.

एका श्रावणात तो खलिता घेऊन घाट उतरत होता. तिसऱ्या वळणावर पाणेरीचीच धुरपाआजी भेटली. घाटावर दिलेल्या लेकीला भेटून ती परत निघाली होती. डोक्यावर गाठोडं, पायाखाली शेवाळ.

"अरे सटवा, एवढा ओढा ओलांडेपर्यंत हात दे रे बाबा," आजी म्हणाली.

"वेळ नाही आजी, सरकारी काम आहे," असं म्हणत तो गेलासुद्धा.

पुढं दोन वळणांवर त्याचा पाय शेवाळावरून सटकला आणि तो घळीत जाऊन पडला. मांडीचं हाड मोडलं. बराच वेळ तो ओरडत होता, पण पावसात कोणाला ऐकू जाणार? शेवटी एक एक पाऊल टाकत, बसत, उठत धुरपाआजी तिथं पोचली. तिनं गाठोडं सोडलं, लेकीनं दिलेलं नवं लुगडं फाडलं, दोन काठ्या लावून त्याचा पाय आवळून बांधला आणि मग गुराख्यांना अशी हाळी दिली, की ती बंदरावर ऐकू गेली, असं म्हणतात.

चार महिने सटवाजी खाटेवर होता. हाड जुळलं, पण पाय आखूड झाला. खाटेवर पडल्या पडल्या त्याला एकाच गोष्टीचा घोर लागला होता. तो खलिता! तो अकरा दिवस उशिरा, बैलावरून गेला होता. काय अनर्थ झाला असेल? फितुरी झाली असेल? बंदर लुटलं गेलं असेल?

एके दिवशी बंदराचा कारकून गावात आला, तेव्हा सटवाजीनं भीत भीत विचारलं, "त्या खलित्यात काय होतं हो?"

कारकून डोकं खाजवत म्हणाला, "कुठला? हां, तो! किल्ल्यावरचं लोणचं संपलं होतं. एक बरणी पाठवा म्हणून लिहिलं होतं."

सटवाजीला हसू फुटलं. तो इतका हसला, इतका हसला, की खाटेची सुंभं तुटली आणि तो जमिनीवर आला. धुरपाआजी धावत आली. हसता हसता त्याच्या डोळ्यांतून पाणी कधी यायला लागलं ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

"आजी, लोणच्यासाठी मी तुला हात दिला नाही गं," तो म्हणाला.

आजी म्हणाली, "मग आता दे. पुढच्या आठवड्यात लेकीकडं बारसं आहे. नातू झालाय मला."

आठवड्यानं दोघं घाट चढले. तो लंगडत, ती धापा टाकत. जिथं तो पूर्वी एका दमात जायचा, तिथं दोघं सात वेळा बसले. आजीनं त्याला करवंदाची जाळी दाखवली, थंड पाण्याचा झरा दाखवला. जन्मभर या वाटेनं गेलेल्या सटवाजीला घाटात झरा आहे हेच ठाऊक नव्हतं. वर पोचल्यावर लेकीनं दारातच आईला मिठी मारली, आणि सटवाजीला पहिल्यांदा कळलं, की आपण कोणाला तरी पोचवलं.

तेव्हापासून त्यानं तेच काम धरलं. घाट चढणाऱ्या माणसांबरोबर तो जायचा, पण सगळ्यांच्या मागं. म्हातारी माणसं, दिवस गेलेल्या बाया, आजारी, आंधळे, ज्यांचा ज्यांचा पाय मागं पडेल त्यांच्याही मागं. काठीची घुंगरं वाजत राहिली, की पुढच्यांना कळायचं, शेवटचा माणूस येतोय. घुंगरं थांबली, की सगळे थांबायचे. त्याच्याबरोबर निघालेलं एकही माणूस कधी घाटात राहिलं नाही, असं म्हणतात.

एकदा तर नवलच झालं. धुक्यातून चालताना सटवाजीला आपल्याही मागं पावलं वाजल्यासारखी वाटली. वळून बघतो तो पट्टेरी वाघ! पुढची माणसं गारठली. सटवाजी वाटेच्या कडेला झाला आणि म्हणाला, "तुम्ही पुढं व्हा वाघोबा. या घाटात मागं मी चालतो." वाघानं त्याच्याकडं बघितलं. मग शेपूट खाली घालून, शाळेत उशिरा आलेल्या पोरासारखा, तो सगळ्यांच्या कडेकडेनं पुढं निघून गेला. खिंडीपर्यंत त्यानं एकदाही मागं वळून बघितलं नाही, असं म्हणतात.

पुढं काही वर्षांनी किल्लेदार आपल्या म्हाताऱ्या आईला घेऊन घाट चढत होता. आईसाहेब डोलीत, डोलीमागं सटवाजी. किल्लेदार मात्र घोडेस्वार घेऊन ऐटीत पुढं गेला. तेवढ्यात धुकं असं उतरलं, की स्वतःचा हात दिसेना. स्वार वाट चुकले आणि कड्याच्या सोंडेवर गेले. घोडी पुढं पाय टाकेनात. हाका मारल्या तर प्रतिध्वनीच चारी बाजूंनी येई. मग दूर मागून घुंगरांचा आवाज आला. सटवाजी एका जागी उभा राहून काठी आपटत होता. त्या आवाजाच्या रोखानं स्वार एक एक पाऊल मागं आले आणि वाचले.

किल्लेदार घोड्यावरून उतरला. "सटवाजी, चल किल्ल्यावर," तो म्हणाला. "सगळ्या हरकाऱ्यांचा नाईक करतो तुला. पळायचं नाही, नुसता हुकूम द्यायचा. तुझ्यापुढं कोणी असणार नाही."

सटवाजीच्या छातीत जुनं काहीतरी धडधडलं, हे खरं. क्षणभर त्यानं वर किल्ल्याकडं बघितलंही. पण डोलीच्या पडद्याआड आईसाहेबांना खोकला लागला होता.

"आधी यांना वर पोचवू सरकार," तो म्हणाला.

वर पोचल्यावर किल्लेदारानं पुन्हा विचारलं. सटवाजी हात जोडून म्हणाला, "सरकार, पळत होतो तेव्हा घाटाला किती वळणं आहेत तेवढं ठाऊक होतं. आता कोणाला कुठल्या वळणावर दम लागतो ते ठाऊक आहे. मला पुढं नका धाडू. मागं मी फार सुखात आहे."

आईसाहेब डोलीतून म्हणाल्या, "अरे, याला इथं ठेवून घेतलंस, तर मला खाली कोण नेईल?" तेव्हा सगळेच हसले आणि तो विषय तिथं संपला.

सटवाजी खूप म्हातारा होऊन गेला. शेवटच्या दुपारी गाव जमलं होतं. त्यानं विचारलं, "सगळे आले का?" लोक म्हणाले, "आले." "मग बरं झालं," म्हणाला आणि डोळे मिटले. त्याला नेताना मात्र गाव अडलं. सटवाजी आज सर्वांच्या पुढं, मग मागं कोण चालणार? शेवटी किल्लेदार, जो तोवर स्वतः म्हातारा झाला होता, पायांतले जोडे काढून सगळ्यांच्या मागं चालला, असं म्हणतात.

आज घाटातून मोटारी जातात. पण पाणेरीत अजूनही लग्नाची पंगत बसली, की शेवटचा पाहुणा येईपर्यंत पहिलं पान वाढत नाहीत. चैत्रातल्या जत्रेत पोरं खिंडीपर्यंत पळतात, तेव्हा फेटा बांधतात तो सर्वांत शेवटी पोचणाऱ्याला, आणि त्याच्या हातानंच खिंडीत सटवाजीच्या नावानं उभ्या केलेल्या दगडाला नारळ फोडतात. पाणेरीच्या शाळेत तर दर सोमवारी रांगेत सर्वांत मागं कोणी उभं राहायचं यावरून पोरांची भांडणं लागतात, आणि गावात नव्यानं बदलून आलेले गुरुजी पहिला महिनाभर बुचकळ्यात पडलेले असतात.