अप्पांची ओळ

“मग ही ओळ कुणी लिहिली, अप्पा?”

मला उत्तर माहीत होतं. तरी विचारलं. त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

अप्पांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेलं. खाली गिरणी चालू होती. टेबल थरथरत होतं. कीबोर्डवर नेहमीसारखा पिठाचा पांढरा थर बसला होता.

ओळ वाचली, पुन्हा वाचली.

मी वाट बघत होतो, कधी खोकतात त्याची. म्हातारी माणसं चूक कबूल करत नाहीत, खोकतात. मग पाणी मागतात. मग तुमच्या केसांबद्दल बोलतात.

अप्पा म्हणजे सिद्रामप्पा हत्तुरे. सोलापुरात एका पिठाच्या गिरणीच्या माडीवर बसायचे आणि कर्नेलवर काम करायचे. फुकट. जगभरच्या अनोळखी माणसांबरोबर, पत्रं पाठवून. कर्नेल म्हणजे यंत्राच्या पोटातला कारभारी. प्रत्येक कामाला मेमरीत जागा देतो, काम संपलं की ती परत घेतो. एवढं साधं काम, आणि त्यात माणसांची आयुष्यं जातात.

मी कॉलेज सोडून आलो होतो. विभागप्रमुखांनी माझ्या प्रोजेक्टवर स्वतःच्या भाच्याचं नाव घातलं. मी त्यांना भर वर्गात चोर म्हणालो. माफी माग म्हणाले. नाही मागितली. डिग्री गेली. बापानं बोलणं टाकलं.

मला एकच गोष्ट हवी होती. कर्नेलच्या नोंदीत माझं नाव. रेवण कलशेट्टी. तिथं एकदा लागलेलं नाव कुणाच्या भाच्यासाठी पुसता येत नाही.

त्यासाठी एक खरी चूक शोधून दुरुस्त करावी लागते. ती मला सापडली होती.

गावातल्या एका रक्तपेढीत फ्रीजचं तापमान नोंदवणारी पेटी होती, ह्याच कर्नेलवर चालणारी. आठ-दहा दिवसांतून एकदा ती गप्प व्हायची. मग मधल्या तासांत फ्रीज थंड होता की नव्हता, कुणालाच सांगता यायचं नाही, आणि चांगल्या रक्ताच्या पिशव्या फेकाव्या लागायच्या. अप्पांनी ती पेटी आणून माझ्यासमोर ठेवली.

“बघ,” म्हणाले. बास, एवढंच.

तीन आठवडे बघितलं. आणि तीन आठवड्यांनी ज्या ओळीपाशी पोचलो, तिच्यासमोर बारा वर्षांपूर्वीची तारीख होती आणि नाव होतं, एस. हत्तुरे.

“चूक काय आहे ते तर सांग,” अप्पा अखेर म्हणाले.

“तुम्हाला दिसायलीय की.”

“तू सांग.”

“चपला,” मी म्हणालो.

त्यांनी मान वर केली.

माडीची एक रीत होती. चपला खाली, जिन्याच्या पहिल्या पायरीवर काढायच्या. शेवटी जाणाऱ्यानं पायरी बघायची. आपल्या सोडून दुसऱ्या चपला नसल्या, तर वर कुणी नाही. मग गिरणीत जाऊन किल्ली आणायची आणि जिन्याच्या दाराला कुलूप लावायचं.

मी पहिल्यांदा आलो त्या दुपारी अप्पांनी पायरी बघितली. रिकामी होती. ते किल्ली आणायला गिरणीत वळले. तेवढ्यात मी आलो, चपला काढल्या, वर गेलो. ते परत आले ते पायरीकडं न बघताच. कुलूप लावलं आणि जेवायला गेले.

दोन तास मी आत. ओरडून घसा बसला. गिरणीच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार?

परत आल्यावर त्यांना पायरीवर चपला दिसल्या. वर आले, मला बघितलं. माफी नाही, काही नाही.

“जेवलास?” म्हणाले.

त्यांच्या त्या ओळीत हेच होतं. मेमरीतली जागा परत घेण्याआधी कर्नेल मोजतं, ती अजून कुणी वापरतंय का. कुणी नसलं की कुलूप लावून जागा काढून घेतं आणि दुसऱ्याला देतं. अप्पांनी मोजणं आधी ठेवलं होतं, कुलूप नंतर. त्या दोन्हींमधल्या क्षणभरात कुणी आत शिरला, तर तो बसलेला असतानाच त्याची जागा दुसऱ्याला जायची. मग दोघं एकाच जागी लिहायचे आणि पेटी गप्प.

“मग?” अप्पा म्हणाले.

“मग काय? आधी कुलूप हातात घेऊन दारात उभं राहायचं. मग चपला मोजायच्या. दोन ओळींची अदलाबदल आहे.”

“तीन आठवडे लागले?”

“तुम्हाला बारा वर्षं नाही दिसलं!”

ते हसले. त्यानं मी आणखी पेटलो.

“तुम्ही सगळे असेच आहात. एकदा बघता आणि पाठ फिरवता. बाप तसाच, कॉलेजातले ते तसेच, तुम्हीपण. मागं कोण आत राहिलं, कुणाला पडलीय?”

गिरणीचा पट्टा खाली फटफटत होता…

“ओळ माझीच आहे,” अप्पा म्हणाले.

खोकले नाहीत. पाणीही मागितलं नाही.

“लिहिली तेव्हा बरोबर वाटली होती. चुकली.”

ते नाकारतील म्हणून मी चार दिवस भाषण तयार केलं होतं. ते वाया गेलं.

“पत्रात घातलंस?”

कर्नेलवाल्यांचीही एक रीत आहे. दुरुस्ती पाठवताना पत्रात लिहायचं, चूक कोणत्या जुन्या बदलातून आली. त्या बदलाचा क्रमांक द्यायचा. क्रमांकावरून कुणालाही नाव दिसतं. सकाळी मी तो क्रमांक चवीनं लिहिला होता. एक वडीलधारा तरी जगासमोर उघडा पडणार म्हणून.

आता मी हात पुढं केला आणि ती क्रमांकाची ओळ पुसली.

“कशाला पुसलीस?”

“राहू द्या ओ. दुरुस्ती झाली ना?”

“लिही.”

“अप्पा, जगभर वाचतात लोक.”

“म्हणूनच.”

“तुमचं एवढ्या वर्षांचं काम… त्यांना हेच दिसणार.”

“लिही की बे!”

मी लिहिलं. त्यांनी पडद्यावर बोट ठेवून एकेक अंक ताडून बघितला. बोटाच्या पिठाची एक पुसट रेघ काचेवर राहिली.

आता त्या माडीवर मोबाइलची कव्हरं विकतात. जिन्याला फरशी बसवलीय, चपला कुणी काढत नाही. गिरणी गेली, अप्पा गेले. मला अजूनही बहुतेक म्हाताऱ्यांचा राग येतो. पण कुठं गरम पिठाचा वास आला की पाय थांबतात आणि डोळे आपोआप खाली, पायरी शोधायला जातात. अंगठ्याजवळ तार बांधलेली अप्पांची कोल्हापुरी दिसेल असं वाटतं.

पत्र लिहिलं त्या दुपारी ती तिथंच होती. माझ्या स्लिपरांशेजारी.

पत्रातली शेवटची ओळ उरली होती. दुरुस्ती करणाऱ्याच्या नावाची. मी तिथं येऊन अडकलो. ज्या नावासाठी एवढं केलं, ते आता अप्पांच्या चुकीच्या बरोबर खाली येणार होतं. त्यांच्या छातीवर पाय देऊन उभं राहिल्यासारखं.

“काय झालं?”

“अप्पा, तुम्हीच पाठवा. तुमचं नाव घाला खाली.”

“दुरुस्ती कुणाची?”

“माझी. पण मला नकोय.”

“नाव नकोय? तुला?”

“तुमची चूक दाखवून नको.”

अप्पांनी खुर्ची जवळ ओढली.

मग त्यांनी कीबोर्ड उचलला, उलटा धरून झटकला, वर एक फुंकर मारली. पीठ उडालं, आमच्या दोघांच्या तोंडावर बसलं. त्यांनी तो माझ्यापुढं सरकवला.

“नाव लिही, रेवण. उद्या तुझ्या ह्या दुरुस्तीतली चूक शोधत कुणीतरी येईल. त्याला कुणाचा जिना चढायचा ते कळायला पाहिजे.”