रोहकाची चटई

फार पूर्वी गोदावरीकाठच्या अश्मक देशात भद्रकेतू नावाचा राजा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व त्या राज्याच्या टोकाला असलेल्या एका प्रांताचे नायक होते. त्यांचे नाव महीधर. राजधानी लांब होती आणि कर वेळेवर पोहोचला की राजाला बाकी कशाशी देणेघेणे नसे. त्यामुळे प्रांताचा कारभार तिथल्या कुलप्रमुखांची सभाच पाहत असे.

सभेची रीत साधी होती. प्रत्येक कुलप्रमुख घरून लव्हाळ्याची चटई घेऊन येई आणि ज्याला तो नायक मानत असे त्याच्या शेजारी ती पसरून बसे. मत बदलले की चटई गुंडाळायची, सर्वांदेखत सभागृह ओलांडायचे आणि पलीकडे जाऊन बसायचे. नायकाच्या शेजारी एक जरी चटई उरली, तरी पद त्याचेच राही. एवढ्या लोकांसमोर चटई काखेत मारून चालायला माणूस लाजेल, असे पूर्वजांना वाटले असावे. पूर्वज भाबडे होते.

महीधरांनी आपला पोरका पुतण्या इंद्रसोम लहानाचा मोठा केला होता. सभेत उभे कसे राहावे, कुठे थांबावे, कुठे आवाज खाली आणावा, हे सगळे त्यांनीच त्याला शिकवले. एके वर्षी तो सभेत उठला आणि म्हणाला, "काकांचं वय झालं. आता हा भार दुसऱ्या कुणी घ्यावा." एवढे बोलून त्याने स्वतःची चटई समोरच्या भिंतीशी पसरली. कुणाला घाटातला नाका, कुणाला सागाचे रान, ज्याला जे हवे ते त्याने आधीच कबूल करून ठेवले होते.

मग चटया हलू लागल्या. एकाचा गुडघा दुखत होता म्हणून तो उन्हाकडे सरकला. ऊन नेमके इंद्रसोमाच्या बाजूला होते. दुसरा महीधरांच्या पाया पडून म्हणाला, "मन इथंच आहे, नायक. फक्त चटई तिकडे नेतो." असे होता होता महीधरांच्या शेजारी एकटा रोहक उरला.

रोहक त्यांचा बालमित्र होता. तो सभेत क्वचित बोलत असे. इंद्रसोमाने त्याला गोडीत घेऊन पाहिले, मग त्याची गुरे गायरानातून हाकलून लावली. तरी रोहक रोज सकाळी येऊन त्याच जागी चटई पसरत राहिला.

इकडे नदीच्या मातीच्या बांधाला भगदाड पडले होते आणि पाणी चढत होते. बांधावर माणसे बोलवायची तर नायकाच्या हुकमाने शिंग फुंकावे लागे. महीधरांनी शिंग फुंकवले, पण इंद्रसोमाच्या बाजूची गावे आली नाहीत. इंद्रसोमाला तर हुकूम देण्याचा अधिकारच नव्हता. खालच्या कोळीवाड्यातल्या बायका सभेच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांतली एक म्हातारी म्हणाली, "तुमचं काय ठरवायचं ते ठरवा, बाबांनो. पण पाणी तुमच्यासाठी थांबायचं नाही."

महीधर हळूच म्हणाले, "रोहका, आता तूही पलीकडे जा. मी एकटा पडलो की हे संपेल."

"मी नाही जायचा."

"वस्ती बुडेल रे."

"ते त्यांना सांगा. बांधाचं काम त्यांनी अडवलंय, आपण नाही."

रोहकाचे बोलणे खरे होते, आणि म्हणूनच महीधरांना पुढचे फार जड गेले. त्यांनी एकदा दाराकडे पाहिले. मग ते उठले, स्वतःची चटई गुंडाळली आणि सभागृह ओलांडू लागले. आजवर कोणत्याही नायकाने असे केले नव्हते. पुतण्याच्या शेजारी चटई पसरून ते म्हणाले, "नायक, शिंग फुंकायला सांगा."

इंद्रसोमाची मान वर होईना. पण शिंग वाजले, दोन्हीकडची गावे धावली आणि बांध वाचला. रोहकही दिवसभर मातीच्या पाट्या वाहत होता. महीधरांनी त्याला हाक मारली, तेव्हा त्याने पाटी दुसऱ्या खांद्यावर घेतली आणि तो पुढे निघून गेला.

ज्याने मोठ्या मनाने पद दिले त्याचीच इंद्रसोमाला भीती वाटू लागली. जुन्या नायकाने नदीपलीकडे राहावे, नगरात पाऊल टाकू नये, असा त्याने हुकूम काढला. महीधर मुकाट्याने गेले. त्यांनी रोहकाला निरोप धाडले, पण रोहक म्हणे, "उठून ते गेले होते. त्यांनीच यावं."

अशी बरीच वर्षे गेली. रोहक वारला तेव्हा कुठे महीधरांना एका दिवसापुरती नदी ओलांडायची परवानगी मिळाली. रोहकाला ओसरीवर त्याच्याच चटईवर निजवले होते. त्याची बायको म्हणाली, "भावोजी, ते रोज सकाळी ओसरीवर ही चटई पसरायचे आणि शेजारी एका माणसापुरती जागा सोडून बसायचे. मी तिथं सूप ठेवलं, तर उचलायला लावायचे. म्हणायचे, तिथं कुणी बसायचंय."

महीधर त्या जागेवर बसले आणि लहान मुलासारखे रडले.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, विहारात उत्तिय नावाच्या एका वृद्ध भिक्षूला सांगितली. त्याचे सगळे शिष्य त्याला सोडून सुनक्ष नावाच्या दुसऱ्या आचार्याकडे गेले होते आणि तो कोपऱ्यात एकटाच बसून होता. शास्ते म्हणाले, "तेव्हाचा इंद्रसोम म्हणजे आजचा सुनक्ष. दाराशी बोलली ती म्हातारी आज आपल्याला रोज भिक्षा घालते. रोहक तू होतास, उत्तिया, आणि महीधर मी. त्या जन्मी माझ्या हातून त्याग घडला. पण पद माझे होते, ते मी सोडले. तुझी सोबत एकट्या माझी नव्हती, तरी तीही मी त्यात देऊन टाकली, आणि तुला विचारलेसुद्धा नाही."

उत्तियाने मान खाली घातली. शास्त्यांनी आपले आसन उचलले आणि ते त्याच्या शेजारी जाऊन बसले.