वडावरचे जिवंत चेहरे

जंगलात पहिला कॅमेरा आला, तो एका घोरपडीच्या हाती लागला आणि तिला नादच लागला. मैत्रीण असो की वाटेवरचं अनोळखी जनावर, ती म्हणायची, "जरा थांब, उजेडाकडे बघ." फोटो निघाला की बाभळीच्या काट्याने तो जुन्या वडावर टोचून ठेवायची.

त्या वडावर आजवर फक्त मेलेल्या राजांच्या तसबिरी होत्या, हार घातलेल्या. एके सकाळी वाघ येऊन बघतो तर त्याच्या आजोबांच्या शेजारी एक तरस दात काढून हसतंय आणि खाली शेणकिडा ऐटीत उभा!

"काढ ही घाण, नाहीतर तुला फाडून टाकीन!" वाघ गरजला. "या झाडाचा नियम आहे. इथे राजांच्याच तसबिरी लागतात, त्याही मेल्यावर."

घोरपडीने खोडाला घट्ट मिठी मारली. "त्या तरसाला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी 'हस' म्हणालं, महाराज. फाडा मला. पण मी एकही काढणार नाही."

वाघाने उगारलेला पंजा तसाच राहिला. त्याची नजर सगळ्या चेहऱ्यांवरून फिरली. मग मिशा सावरत त्याने हळूच विचारलं, "आणि माझा फोटो?"

"नियम तुमचाच आहे, महाराज," घोरपड म्हणाली. "तुमचा मेल्यावर लावू."